तुझ्या नावानं बिनविरोध नाही

सुमन,

तुझ्या तेरवीच्या दिवशी समाजमंदिरात तुझ्या फोटोला हार घालून बबनराव माईकवर म्हणाले, "आपल्या जजबाई जन्मात कधी कोनाच्या विरोधात गेल्या नाई." सगळ्या गावानं माना हलवल्या. ज्या माणसाच्या बायकोला तू सरपंचपदाच्या निवडणुकीत पाडलंस तोच हे बोलत होता, आणि ज्यांनी तुला मतं दिली होती तेच माना हलवत होते. मला राहवलं नाही. मी बसल्या जागेवरून ओरडले, "खोटं आहे!" बाहेर पंगतीची पानं मांडून झाली होती, वरणाच्या फोडणीचा वास येत होता, आणि मी माझ्या मेलेल्या मैत्रिणीच्या शोकसभेत भांडण काढलं. लोक अजून तेच बोलतात. बोलू देत. तू जन्मभर कोणाच्या ना कोणाच्या विरोधात उभी राहिलीस, माझ्या तर रोजच, आणि हे तुझ्याकडून कोणी हिसकावून घ्यायला लागलं की मी अशीच ओरडणार.

धान घरात यायच्या दिवसांत तू गेलीस. आता मोहाची फुलं पडायला लागलीत आणि बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलाच्या कडेला जातात, वाघाच्या भीतीनं घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत. एवढ्या दिवसांत मी तुझ्यासाठी धड रडलेली नाही. रडायला बसले की राग येतो. छातीत दुखतंय हे सकाळपासून माहीत असताना तू ग्रामसभा पुरी केलीस, आणि नागपूरला नेताना नागभीडच्या पुढं गाडीतच संपलीस. डॉक्टरकडं आधी गेली असतीस तर ग्रामसभा काय पळून जाणार होती? याचं उत्तर तू मला द्यायचं राहिलं आहे.

तर सांगायचं ते असं. तुझ्या जागी पोटनिवडणूक लागली आहे. गावानं ठरवलं की जजबाईंना श्रद्धांजली म्हणून ती बिनविरोध करायची आणि तुझ्या भाच्याच्या बायकोला, प्रणालीला, सरपंच करायचं. तिच्याविरुद्ध एकच अर्ज आला, तो माझा. आज अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस होता. आज काय झालं तेच सांगायला बसले आहे, पण मला सरळ सांगता येत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे.

आपण दोघी सायकलवर डबलसीट सिंदेवाहीच्या शाळेत जायचो. मी पायडल मारायची आणि तू मागं बसून मी काय चुकीचं बोलतेय ते सांगायचीस. मी मास्तरीण झाले, तू वकील झालीस, मग परीक्षा देऊन जज. गावातली पहिली जज, म्हणून इथं केवढा सत्कार केला तुझा. सगळ्यांना वाटलं आता ही वर वर जाणार, हायकोर्टापर्यंत. तू मात्र तालुक्यातालुक्यांच्या कोर्टांत फिरत राहिलीस. तुझ्या मागून आलेले जिल्हा न्यायाधीश झाले आणि तुझ्या नावापुढं शेरा पडत राहिला की निकाल कमी निघतात. निघतील कसे? दोन मिनिटांत मिटणारं प्रकरण तू अख्खी सकाळ ऐकत बसायचीस. मी तुला म्हणायची, "सुमे, तू जज आहेस का नुसता कान?" तू म्हणायचीस, "कानच पायजे तिथं. तोंडं लय आहेत."

कुरखेड्याला होतीस तेव्हा मी एकदा तुझं कोर्ट बघायला आले होते. धाकटी बहीण तिकडंच दिलेली, तिच्याकडं जाता जाता म्हटलं बघू तर खरं आपली सुमी खुर्चीवर कशी दिसते. मागच्या बाकावर बसले. लांबच्या जंगलातल्या गावाहून एक म्हातारी आणली होती. मोहाची दारू काढल्याचा गुन्हा. तू विचारलंस, "आई, गुन्हा कबूल आहे का?" ती हात जोडून म्हणाली, "व्हय." तुझा पेन खाली टेकला आणि थांबला. तू तिच्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "तुम्ही काल नागपूरला होता का?" ती म्हणाली, "व्हय." मग तू विचारलंस, "या कोर्टाच्या जज तुम्हीच ना?" म्हातारी म्हणाली, "व्हय साहेब, व्हय."

सगळं कोर्ट हसलं. तू हसली नाहीस. तिला गोंडीच येत होती, मराठी जेमतेम, आणि साहेबानं काही विचारलं की हो म्हणायचं एवढं तिला आयुष्यानं शिकवलं होतं. तू तिची कबुली लिहून घेतली नाहीस. गोंडी बोलणारा माणूस बोलावलास आणि प्रकरण पुढं चालवायला लावलंस. मला त्या दिवशी तुझा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. पण बाहेर चहाच्या टपरीवर एक वकील म्हणत होता, "कबूल केलं असतं तं थोडासा दंड भरून दुपारच्या गाडीनं घरी गेली असती बिचारी. आता पाच-सहा तारखा खाईल." मी संध्याकाळी तुला हे सांगितलं. म्हटलं, तुझ्या न्यायापायी त्या म्हातारीचे जंगलातून हेलपाटे. तू म्हणालीस, "त्याचं म्हननं खोटं नाई." पुढं त्या म्हातारीचं काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या क्वार्टरमध्ये आपण जेवायला बसलो. मी घरून लाखोळीच्या वाळवलेल्या पाल्याची भाजी आणली होती, तीच तू केली होतीस. मी सहज बोलले, "माझ्या बहिणीच्या सासऱ्याचा धुऱ्याचा दावा तुझ्याकडंच आहे ना वो?" शेताच्या बांधावरून भांडण, दुसरं काही नाही. तू हात धुतलेस आणि विचारलंस, "मंदा, तुझी बस किती वाजता आहे?"

बस संध्याकाळची होती. तू मला दुपारी शिपायाबरोबर स्टँडवर पाठवलंस, अर्धं ताट टाकून. वर तो दावा आपल्याकडून काढून घ्यावा म्हणून लिहून कळवलंस. तो दुसऱ्या कोर्टात गेला, बहिणीच्या सासरचे लोक गडचिरोलीच्या वाऱ्या करून थकले, आणि त्यांनी वर्षभर मला घरात घेतलं नाही. मी तुझ्याशी बोलत नव्हते ते निराळंच. तू म्हणायचीस दुसरा इलाजच नव्हता. असेल. कायदा तुझा तू बघ. पण भात खाऊन होईपर्यंत थांबायला तुला कोणत्या कलमानं मनाई केली होती, हे मी तुला शेवटपर्यंत विचारत राहिले आणि आताही विचारते.

रिटायर होऊन तू गावात आलीस तेव्हा सुरुवातीला तुझ्या अंगणात कोणी बसायचं नाही. लोक येऊन उभेच राहायचे. शेजारची विरजण मागायला आली तर तू म्हणालीस, "बोला, तुमचं म्हणणं काय आहे?" ती घाबरून वाटी तिथंच ठेवून गेली. मी हसून हसून लोळले होते. हळूहळू तू माणसात आलीस. चुलीपाशी बसायला लागलीस, झाडीपट्टीच्या नाटकाला चटई घेऊन माझ्याबरोबर यायला लागलीस. तरी नाटकात खलनायक मार खायला लागला की तू कुजबुजायचीस, "पन त्याचं म्हननं कोनी ऐकलंच नाई." आजूबाजूच्या बाया चिडायच्या.

मग आपल्या गावचं सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं. समाजमंदिरात बैठक भरली. बबनराव म्हणाले, गावात भांडणं नको, पार्टीबाजी नको, आमच्या घरचीला बिनविरोध करू, वच्छलाबाई बचत गट चालवते, तिला समजतं. सगळे म्हणाले, "हो." माझ्याही तोंडात तेच येत होतं. कोपऱ्यातून तू विचारलंस, "विरोधात कोण आहे?"

"कोनीच नाई जजबाई. बिनविरोध म्हनून राह्यलो ना."

"मग मी आहे," तू म्हणालीस.

घरी येताना मी तुला शिव्या घातल्या. या वयात ही कसली हौस? तू म्हणालीस, "मले जिंकाचं नाई वो मंदे. ती बाजू रिकामी होती म्हनून उभी राह्यली." मी कपाळावर हात मारला आणि तुझ्या प्रचाराचं काम अंगावर घेतलं. आणि तो प्रचार! मत मागणं तुला लाजिरवाणं वाटायचं. न्याय मागतात, मत कोणी मागतं का, असं तुझं म्हणणं. तू घरोघरी जायचीस, ओसरीवर बसायचीस, आणि आधी वच्छलाबाईंची बाजू मांडायचीस. त्यांनी बचत गट कसा चालवला, त्यांच्या खटपटीमुळं दवाखान्याची गाडी कशी यायला लागली. मग म्हणायचीस, "आता माझं म्हणणं असं आहे." आणि शेवटी, "दोन्ही बाजू ऐकल्या. विचार करून ठरवा." मी पदराआडून चिमटे काढायची. एका घरात सासूनं सुनेला विचारलं, "काऊन वो, हे जजबाई आपला परचार करून राह्यली का त्या वच्छलीचा?"

म्हणून मी काय केलं ते तुला माहीत आहे. तू ज्या घरातून उठायचीस त्या घरात तासाभरानं मी शिरायची. हात जोडायची, म्हाताऱ्यांच्या पाया पडायची, पोराला मांडीवर घ्यायची, आणि उघड उघड मत मागायची. तू निवडून आलीस. तुला कळल्यावर आपलं केवढं वाजलं! तू म्हणालीस मी तुझ्या निवडणुकीला डाग लावला. मी म्हणाले, तुझ्या भरवशावर राहिले असते तर वच्छलाबाई निवडून आली असती, आणि तीसुद्धा तुझ्याच शिफारशीवर. आपण बरेच दिवस बोललो नाही. मग एका सकाळी तू येऊन म्हणालीस, "या वादात मी निकाल देऊ शकत नाई. मी स्वताच पक्षकार आहे." आणि चहा टाक म्हणालीस. म्हणजे वाद राहिलाच. ऐक, माझं म्हणणं अजून तेच आहे. लोकांच्या दारात जाऊन मागण्यात कमीपणा नाही. मागितलं नाही तर माणसाला वाटतं, ह्यांना माझी गरजच नाही. तू उंच खुर्चीवर फार वर्षं बसलीस, त्यामुळं तुला हे समजलं नाही.

आणि तू जे केलंस ते मला समजायला वेळ लागला, तेही कबूल. ग्रामसभेत ठराव मांडून झाला की तू विचारायचीस, "विरोधात कोण बोलणार?" कोणीच नाही. "मग ठराव घेत नाही. कोणीतरी बोला." लोक वैतागायचे. अंधार पडायच्या आत घरी जायचं असायचं, तलावाच्या पाळीवर वाघाचे पंजे दिसलेले असायचे, आणि सरपंचबाई विरोधकाची वाट बघत बसलेल्या. तलावाच्या पाण्याचा ठराव आठवतो ना? तुडुंबाजवळच्या, म्हणजे तलावाचं पाणी सुटतं त्या तोंडाजवळच्या, धानाच्या बांध्या आधी भरायच्या, मग खालच्या. वर्षानुवर्षं तसंच चाललेलं, आणि जवळच्या बांध्या म्हणजे बबनरावांच्या आणि त्यांच्या भावकीच्या. सगळे हो म्हणाले. ज्यांचं धान शेवटच्या पाण्याअभावी दरसाल वाळतं, ते खालचे लोकही हो म्हणाले. तू बसून राहिलीस. सगळे चुळबुळ करायला लागले. शेवटी मागून कौशल्या उठली, पदर दातात धरलेला, आणि म्हणाली, "आमच्या बांधीत पानी येतच नाई, बाई. आमी काऊन हो म्हनाचं?"

मग एकेक करून सगळे बोलले. त्या सालापासून एका वर्षी वरून आणि एका वर्षी खालून पाणी सोडायला लागले. बबनराव चिडून विरोधात बोलले तर तू त्यांनाही तेवढाच वेळ दिलास, पाणी प्यायला दिलंस, आणि त्यांच्या म्हणण्यातली एक गोष्ट ठरावात घेतलीस. मला तेव्हा तुझा संताप आला होता. आज वाटतं की अख्ख्या गावात त्या माणसाचं पुरतं ऐकून घेणारी तू एकटीच होतीस.

तेव्हा बिनविरोध म्हणजे काय ते मला शोकसभेत एका क्षणात दिसलं. तुझा फोटो पुढं, प्रणाली खुर्चीवर, आणि मागं बबनराव. पुढच्या हंगामाला पाणी पुन्हा वरूनच सुटणार. तुझ्या नावानं. "श्रद्धांजली म्हनून एकमतानं," ते म्हणाले, आणि सगळे "हो" म्हणाले. कौशल्यासुद्धा. प्रणाली मान खाली घालून बसली होती, डोक्यावर पदर, तोंडातून शब्द नाही. तुझ्या घरात आल्यापासून मी तिला चहा देताना आणि भांडी उचलताना पाहिलं होतं, दुसरं काही नाही. मला वाटलं, हिला उठ म्हटलं की उठेल आणि बस म्हटलं की बसेल.

मी म्हणाले, "माझा विरोध आहे. मी उभी राहते."

तुझी शेवंतावहिनी, प्रणालीची सासू, हंबरडा फोडून माझ्या अंगावर आली. "मंदे, माह्या नणदेची राख थंडी नाई झाली आन तू तिच्या घरावर उठली? तिचंच खाल्लं ना वो तू?" लहानपणापासून मी तिच्या हातचं जेवले, सुमन. तिला काय सांगणार होते मी? मी पंगतीला न बसता घरी आले.

अर्ज भरला. त्यानंतर गावानं माझ्याशी बोलणं जवळजवळ टाकलं. माझे विद्यार्थी, ज्यांची शेंबडं नाकं मी पुसली, रस्त्यात समोरून येऊन बाजूच्या गल्लीत वळायला लागले. चंद्रपूरहून मुलाचा फोन, "आई, लोक हसून राह्यले. काढून टाक अर्ज." बबनराव स्वतः घरी येऊन गेले, एकदम गोड. "मॅडम, तुमी दोघी बहिनीसारख्या. जजबाईच्या आत्म्याले काय वाटन?" मी म्हणाले, "तिच्या आत्म्याला जे वाटायचं ते ती मला थेट सांगेल, तुमच्यामार्फत नाही." काल संध्याकाळी निरोप आला की शेवंतावहिनीनं अन्न सोडलंय, मंदा अर्ज मागे घेईपर्यंत जेवणार नाही. एवढं झाल्यावर मी ढिली पडले. तुझ्या वहिनीला उपाशी मारून मी कोणतं गाव सुधारणार होते? रात्रीच मागे घ्यायचा कागद लिहून पिशवीत ठेवला.

आज सकाळी सिंदेवाहीला तहसीलमध्ये गेले. बाहेर कडुलिंबाखाली बाकावर बसून राहिले. आत जायला पाय उचलत नव्हता. तुझ्यावरच चिडत होते. मनात म्हटलं, तू तर मोकळी झालीस, दुसरी बाजू दुसरी बाजू करत मला या बाजूला उभी करून गेलीस आणि आता मी एकटी. उन्हं डोक्यावर आली. अर्ज मागे घ्यायची वेळ संपत आली होती. मी पिशवी उचलली, तेवढ्यात समोरून प्रणाली आली. एकटी. नवरा नाही, बबनराव नाहीत. चालत आल्यानं धापा टाकत होती.

"काकू, देऊन टाकला का कागद?"

"देतेच आहे. तुझी सासू जेवत नाही म्हणतात."

"कोन म्हनते? सकाळीच जेवल्या. वांग्याची भाजी मागून घेतली दोनदा. ते बबनभाऊनं उठवून देल्लं."

मला हसू आलं आणि रडूही. मी विचारलं, "मग तू कशाला आलीस एवढ्या उन्हात?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "सांगाले आली. तुमी मांगं घेऊ नोका."

"काऊन वो?"

"मले कोनी बसवलं तं उद्या उठवनार बी तेच ना. मी काय खुर्चीवरची उशी आहो का, ठेवली आन उचलली? मले निवडून याचं आहे, काकू. तुमाले पाडून."

एवढी वर्षं त्या घरात चहा पिताना या पोरीचा आवाज मी ऐकला नव्हता. मी विचारलं, "आणि तूच पडलीस तर?"

"तं पडीन. मंग गरामसभेत तुमच्या विरोधात बोलीन. पानी वरून सोडाचं का खालून ते तुमाले एकटीलेच समजते का? आमच्या सासऱ्याची बांधी मधात आहे. मधल्याचं कोनीच नाई बोलत, ना ते ना तुमी."

मधल्या बांध्यांचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तुझ्या आलं होतं का, सुमन? आलं असेल तर मला का सांगितलं नाहीस? नसेल आलं तर तुझ्या घरात, तुझ्यासमोर चहाचा कप ठेवून जाणाऱ्या या पोरीला तू कधी बोलतं केलं नाहीस, हेही तुझ्या खात्यावर लिहून ठेवते. गावभर विरोधक शोधत फिरलीस आणि स्वयंपाकघरात डोकावली नाहीस.

कागद पिशवीतच राहिला. वेळ संपली तसं आतून आम्हा दोघींना बोलावलं, साहेबांनी दोन नावं वाचली आणि चिन्हं घ्यायला थांबा म्हणाले. बाहेर बबनराव मोटरसायकल घेऊन आलेले दिसले. त्यांनी आम्हा दोघींकडं पाहिलं आणि गाडी वळवली.

मी तिथंच, तहसीलच्या पायरीवर, प्रणालीला हात जोडले. तुला पटणार नाही, पण माझी पद्धत हीच आहे आणि या निवडणुकीत मी प्रत्येक दारात हीच वापरणार आहे. मी म्हणाले, "प्रणाली, तुझं मत मला दे."

"नाई देनार," ती म्हणाली.

गावाकडं जायला एकच काळीपिवळी टॅक्सी उभी होती. आम्ही दोघी शेजारी शेजारी कोंबून बसलो. मधल्या बांध्यांना पाणी कधी सोडायचं यावरून जी जुंपली ती गाव येईपर्यंत. गाडीतले सगळे ऐकत होते, आणि मागच्या सीटवरची एक बाई मधूनच म्हणाली, "दोघी बी चुकून राह्यल्या तुमी."